वेब-फ्रेमवर्क आणि सुगम्यतेची मानके : जँगोमधील अर्जांचे उदाहरण

दृष्टिहीन, कर्णबधिर किंवा हातांच्या हालचालीस मर्यादा असलेल्या व्यक्तींना संकेतस्थळे वापरता यावीत, या हेतूने वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १९९९ साली पहिली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दुसरी २००८ साली निघाली, आणि ऑक्टोबर २०२३ मधील २.२ या आवृत्तीत ८६ निकष आहेत. ते पाळण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सामान्यतः संकेतस्थळाच्या मालकापाशी येऊन थांबतो. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाचा रोखही शासन आणि सेवा देणाऱ्या संस्था यांच्याकडेच आहे. तथापि आजचे संकेतस्थळ कोणी पहिल्या अक्षरापासून हाताने लिहीत नाही. ते फ्रेमवर्कवर, म्हणजे आधीच रचून ठेवलेल्या पायाभूत चौकटीवर उभे राहते, आणि वाचकापर्यंत पोहोचणारे एचटीएमएल बऱ्याच अंशी ही चौकटच निर्माण करते. चौकटीत राहिलेली उणीव तीवर उभारलेल्या प्रत्येक संकेतस्थळात उतरते. पायथन भाषेतील जँगो या फ्रेमवर्कच्या आधारे हा प्रश्न येथे तपासावयाचा आहे.

समजा, परीक्षेच्या अर्जात ‘बैठक क्रमांक’ अशी एक चौकट आहे आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत ‘अंकांमध्ये जागा सोडू नये’ अशी सूचना आहे. डोळस विद्यार्थ्यास ती सूचना कोणत्या चौकटीची हे सांगावे लागत नाही. जवळीक हाच तेथे संबंध असतो. स्क्रीन रीडर वापरणारा विद्यार्थी मात्र टॅब कळीने एका चौकटीवरून दुसरीवर जातो, आणि यंत्र त्यास त्या चौकटीचे नाव, प्रकार व स्थिती ऐकविते. दोन चौकटींमधील सुटा मजकूर या प्रवासात ऐकू येत नाही. अर्ज नाकारला जातो. नाकारण्याचे कारण तशाच सुट्या मजकुरात छापलेले असते, म्हणून तेही निसटते. अंतिम दिनांक उलटून गेल्यावर याची भरपाई होत नाही. मार्गदर्शिकेचा १.३.१ हा निकष नेमका येथे लागू होतो : मांडणीतून सूचित होणारा संबंध यंत्रासही उमगेल अशा रीतीने नोंदविला पाहिजे. या निकषाचा स्तर प्राथमिक आहे. त्यास ऐच्छिक सुधारणा समजणे चूक होय.

जँगो अर्जाची मांडणी वर्षानुवर्षे सारणीच्या रूपात करीत असे. ऑगस्ट २०२२ मधील ४.१ या आवृत्तीने सारणीविरहित पर्याय दिला. त्यात एकाच प्रश्नाचे अनेक पर्याय शीर्षकासह एकत्र बांधले जातात. डिसेंबर २०२३ मधील ५.० मध्ये हीच मांडणी मूळ ठरली. त्याच आवृत्तीपासून सूचनेचा मजकूर ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ या गुणधर्माने आपल्या चौकटीशी जोडला जाऊ लागला, आणि चुकीच्या नोंदीवर तशी खूण होऊ लागली. चुकीचा संदेश चौकटीशी जोडण्यास मात्र एप्रिल २०२५ मधील ५.२ ची वाट पाहावी लागली. मूळ मांडणीच बदलली हे या सुधारणांचे खरे मोल होय; केवळ पर्याय दिला असता तर ज्यांस सुगम्यतेची आधीच जाण आहे त्यांनीच तो निवडला असता.

तरीही येथे एक फट उरते. अनेक ठिकाणी अर्जाचा साचा हाताने लिहिला जातो. चौकट तयार करताना जँगो सूचनेच्या ओळखचिन्हाचा निर्देश करते, परंतु ते चिन्ह सूचनेस देण्याचे काम अशा वेळी लेखकाचे असते. ते राहिले तर निर्देश अस्तित्वातच नसलेल्या ठिकाणाकडे होतो, आणि पडद्यावर सर्व काही ठीक दिसत राहते.

याहून मोठी मर्यादा चित्रांबाबत दिसते. चित्रासाठी जँगोने जे क्षेत्र दिले आहे त्याच्या जोडीने लांबी-रुंदी साठविण्याची सोय आहे. चित्राच्या वर्णनास मात्र जागा नाही. ती लेखकाने स्वतः निर्माण करावी लागते. वर्णन काय असावे हे फ्रेमवर्क सांगू शकणार नाही हे खरे, पण ते मागू निश्चित शकते. जे मागितले जात नाही ते सहसा लिहिले जात नाही.

भाषेच्या नोंदीचे तसेच आहे, आणि मराठी संकेतस्थळांना ती विशेष जाचते. पानाची भाषा नोंदविणे हा ३.१.१ चा निकष. कोणती भाषा चालू आहे हे जँगोस ठाऊक असते व ते साच्यास पुरविताही येते. पण साचा नकलून घेताना इंग्रजीची खूण तशीच राहते, आणि मराठी मजकुरास इंग्रजी वाचा लाभते. हिंदीची खूण दिल्याने काम भागेल असेही नाही. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील च लिहिण्यात एक, उच्चारात दोन. हा भेद राखावयाचा तर पान मराठीत आहे हे वाचायंत्रास आधी कळले पाहिजे.