दोन जागांचा मनोविकार विभाग

बदलापूर सोडून कर्जतकडे निघालेली लोकल वांगणीला पोचण्याआधी जो सखल, हिरवा पट्टा ओलांडते त्यात चामटोली आहे. बाहेरच्या जगाला हे नाव कळले २७ जुलै २०१९ रोजी. उल्हास नदी फुगली, महालक्ष्मी एक्सप्रेस रुळांवरच अडकली आणि हजारावर प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी सुखरूप बाहेर काढले. पुराची बातमी दोन-चार दिवसांत ओसरली. घरातला तरुण मुलगा रात्र रात्र झोपत नाही, आपल्याला आवाज ऐकू येतात म्हणतो, कामावर जायचा बंद झाला आहे, त्याला न्यायचे कुठे, हा प्रश्न मात्र या पट्ट्यात बारमाही आहे.

गाडी ठाण्याकडे जाते आणि कर्जतकडे जाते. ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १९०१ सालचे, १८५० खाटांचे. कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणणे, बरे करणे आणि त्यांच्या घरी पोचवणे या कामासाठी डॉ. वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मध्ये उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेले अंबरनाथचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एमबीबीएसच्या शंभर जागांचे. तिथली पहिली तुकडी इंटर्नशिप संपवून बाहेर पडेल ती २०३० च्या सुमारास. त्यांतले काही जण मनोविकारशास्त्रात एमडी करायचे ठरवतील, आणि कोणत्या ना कोणत्या गावच्या दोन-तीन जागांच्या लहानशा विभागाचे नाव पसंतीच्या यादीत वर ठेवायचे की खाली, या विचारात पडतील. बदलापूर-अंबरनाथची आजची डॉक्टर मुलेमुली त्याच विचारात आहेत. हा लेख त्या लहान विभागाबद्दल आहे.

देशाची गरज आधी पाहू. भारतात दर लाख लोकांमागे साधारण ०.७५ मनोविकारतज्ज्ञ आहेत, असा हिशेब २०१९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिॲट्री’त मांडला गेला; हवेत मात्र निदान तीन. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नसल्याचे दिसले. हे अंतर मुंबई-पुण्याच्या मोठ्या विभागांतून बाहेर पडणाऱ्या मोजक्या डॉक्टरांनी भरून निघणारे नाही. लहान विभाग चांगले चालले तरच ते भरेल. म्हणून लहान विभागाकडे ‘मिळाली सीट तर घेऊ’ अशा नजरेने पाहणे मला पटत नाही.

आपल्याकडची प्रवेशाची रीतच या नजरेला खतपाणी घालते. अमेरिकेत मनोविकारशास्त्राची रेसिडेन्सी चार वर्षांची. तिथे उमेदवाराला मुलाखतीला बोलावतात, उमेदवारही विभागाला प्रश्न विचारतो, मग दोघे आपापली क्रमवारी देतात आणि मार्च महिन्यात ‘मॅच’ लागतो. तिकडे गेलेल्या मराठी घरांत हा शब्द आता दहावीच्या निकालाइतका परिचित आहे. इथे नीट-पीजीची रँक, चॉईस फिलिंग, राउंड आणि अलॉटमेंटचे पत्र. सरकारी महाविद्यालयांच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून जातात, उरलेल्या राज्याच्या सीईटी सेलमार्फत. विभागप्रमुख तुम्हाला पहिल्यांदा पाहतात ते तुम्ही रुजू व्हायला येता त्या दिवशी, आणि तुम्हीही त्यांना. तीन वर्षे ज्यांच्याबरोबर काढायची त्यांना एकदाही न भेटता निर्णय होतो. मुलाखत नाही म्हणून प्रश्नही विचारायचे नाहीत असे थोडेच आहे? चौकशी उमेदवारानेच करायची असते, आणि यादी भरण्याच्या आधी करायची असते.

लहान विभाग हे मोठ्याचे कमअस्सल रूप नव्हे. त्याची परंपरा वेगळी आहे. मनोरुग्णालये गावाबाहेर, भिंतीआड बांधली गेली. सर्वसाधारण रुग्णालयात, ताप-खोकल्याच्या रुग्णांशेजारी मनोविकाराची ओपीडी सुरू करायची ही कल्पना नंतरची. १९३३ मध्ये कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी ती प्रत्यक्षात आणली, १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी. पुढे के. ई. एम. मध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी विभाग उभा केला आणि पातंजल योगातल्या संकल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती तिथे अभ्यासली. आज जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयात जो छोटा विभाग दिसतो तो या घराण्यातला. रुग्ण तिथे चालत येतो, सोबत बहुधा आई, भाऊ किंवा बायको असते, आणि केसपेपरच्या रांगेत तो कोणत्या ओपीडीला चालला आहे हे शेजारच्याला कळत नाही. मनोविकाराची लाज बाळगणाऱ्या समाजात ही फार मोठी सोय आहे.

अशा विभागात रेसिडेंटच्या वाट्याला काय येते? पहिली गोष्ट, शिक्षक. मोठ्या विभागात सहा-आठ शिक्षक असतात. एकाचे पटले नाही तर दुसऱ्या युनिटमध्ये शिकता येते. लहान विभागात दोन किंवा तीन, आणि तेच तुमचे सर्वस्व. ते वॉर्डात येऊन तुमच्यासमोर रुग्णाशी बोलत असतील तर तीन वर्षांत तुम्ही जे शिकाल ते मोठ्या ठिकाणी गर्दीत मिळेलच असे नाही. हिस्ट्री घेणे पुस्तकातून येते. गप्प बसलेल्या माणसासमोर आपणही किती वेळ गप्प बसायचे, नातेवाइकांना कोणत्या क्षणी बाहेर थांबायला सांगायचे, जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार येतो का हे कसे विचारायचे, हे कुणाच्या तरी शेजारी बसूनच येते. आणि तेच दोन शिक्षक कागदावरचे असतील, एकाची बदली झाली आणि दुसरे दुपारी बाराला खासगी दवाखान्याकडे निघत असतील, तर सीट सरकारी असो की नामांकित खासगी महाविद्यालयातली, ती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आधारशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी आणली ती कागदावरच्या शिक्षकांना आळा घालण्यासाठीच; पण शिक्षक आवारात असणे आणि रुग्णाजवळ असणे यांत अंतर आहे, आणि ते मशीनला मोजता येत नाही. ते जेआर-टूला, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला विचारावे. फोनवर नव्हे, कँटीनमध्ये, त्याचे सर जवळपास नसताना.

दुसरी गोष्ट, वॉर्ड. नुसत्या ओपीडीवर चालणारा विभाग मनोविकारतज्ज्ञ घडवू शकत नाही. उन्मादात रात्रभर बोलत राहणारा माणूस औषधाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी कसा निवळू लागतो, ते रोज दोनदा पाहावे लागते. दाखल करण्याचा कायदाही वॉर्डातच कळतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. अंमल २९ मे २०१८ पासून. रुग्ण स्वतःच्या इच्छेने दाखल होतो तेव्हाची वाट वेगळी, आणि त्याच्या आधारासाठी नेमलेल्या माणसाच्या अर्जावरून, कलम ८९ खाली दाखल केले तर वेगळी. अशा वेळी रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, एरवी सात दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ईसीटी (विजेचा उपचार) देण्यावर याच कायद्याने बंदी आहे. म्हणून लहान विभागाबद्दल विचारायचा अगदी व्यावहारिक प्रश्न असा: भूलतज्ज्ञ ईसीटीसाठी आठवड्यातून किती दिवस वेळ देतात? उत्तर ‘कधीतरी’ असे आले, तर तिथला रेसिडेंट ईसीटी न शिकताच पास होण्याची शक्यता आहे.

प्रयोगशाळेत सीरम लिथियमची तपासणी होते का, हेही विचारावे. हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. लिथियमची रक्तातली योग्य पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडे असते. तपासणी जवळ नसली की डॉक्टर ते औषध लिहायचेच टाळतात, आणि रेसिडेंट त्याचा धाक घेऊन बाहेर पडतो. क्लोझापिन या औषधाचे तसेच. सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजायच्या असतात. ज्या विभागात ही दोन्ही औषधे न घाबरता आणि नीट देखरेखीखाली वापरली जातात, तो विभाग जिवंत आहे असे खुशाल समजावे.

रुग्णांची विविधता लहान जागी कमी असेल, ही भीती बरीचशी गैरलागू आहे. आमच्या याच पट्ट्याकडे पाहा. उल्हासनगर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले. अंबरनाथ-बदलापुरात एमआयडीसीचे कामगार आहेत. पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठणारे हजारो नोकरदार आहेत. चामटोलीच्या आजूबाजूला आगरी-कुणबी घरे आणि ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. यातली कुणी बाई ‘उदास वाटते’ म्हणत येणार नाही. ‘अंगात मुंग्या येतात, डोके जड होते, जेवण जात नाही’ असे सांगेल, आणि त्याआधी भगताकडे जाऊन आलेली असेल. मेडिसिन वॉर्डात दारू बंद झाल्याने तिसऱ्या दिवशी भ्रमात गेलेला कामगार असतो, विष पिऊन वाचलेली विशीतली मुलगी असते. त्या वॉर्डातून रात्री दोनला येणारा कॉल, त्याला कन्सल्टेशन-लायझन म्हणतात, हे लहान विभागाचे खरे बळ आहे. मोठ्या मनोरुग्णालयात नुसते राहून हे शिकता येत नाही.

उणे आहे ते दुसरीकडे. दीर्घकाळ आजारी असलेले, घरच्यांनी सोडून दिलेले, न्यायालयाने पाठवलेले रुग्ण लहान विभागात येत नाहीत. व्यसनमुक्तीचे स्वतंत्र केंद्र नसते, मुलांची वेगळी ओपीडी नसते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट एखादा असला तर असतो. अभ्यासक्रमात या सगळ्यांसाठी पोस्टिंग आहे, पण ते कुठे होते आणि खरोखर होते का, हे पाहावे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकाशी विभागाचा पक्का करार असेल आणि रेसिडेंट तिथे राहून काम करत असतील, तर लहान असण्याची निम्मी उणीव भरून निघते. ठाण्यासारख्या ठिकाणी शेकडो माणसे एकत्र राहताना पाहिली, वीस वर्षांत ज्याला भेटायला कुणी आले नाही अशा रुग्णाशी बोलले, की आपण दिलेल्या गोळ्यांच्या पलीकडे किती काय उरते ते कळते. वेणगावला जाऊन यावे ते याच कारणासाठी. शिवाय आता जिल्हा रेसिडेन्सी आहे: तिसऱ्या ते पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात. काही जण ते रजेसारखे काढतात. मनोविकाराच्या रेसिडेंटने तसे करू नये. १९९६ पासूनचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम प्रत्यक्षात कसा चालतो, तालुक्याच्या औषधपेढीत काय मिळते आणि काय संपलेले असते, हे पाहण्याची दुसरी संधी मिळत नाही.

ड्युटीचे गणित कडक आहे. वर्षाला दोन जागा म्हणजे तीन वर्षांचे मिळून सहा रेसिडेंट. त्यांतला एक परीक्षेच्या रजेवर, एक बाहेरच्या पोस्टिंगला. राहिलेल्या चौघांत रात्री वाटायच्या. एखादी जागा रिकामी गेली तर तीनच. २०२३ च्या पदव्युत्तर नियमांनी आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला किमान २० पगारी रजा दिल्या आहेत. आयोगाच्याच कृती दलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. कागदावर ठीक. गेल्या तीन वर्षांत किती जणांनी सीट सोडली, आणि रेसिडेंट स्वतः आजारी पडला, खचला, तर त्याच्याशी विभाग कसा वागला, हे विचारायलाच हवे. मनोविकाराच्या विभागाला आपल्याच मुलांचे मन सांभाळता येत नसेल तर त्याने इतरांना काय शिकवावे?

स्टायपेंड, बंधपत्र, वसतिगृह यांची माहिती सहज मिळते. त्यावर शाई खर्च करत नाही. डीएनबीच्या एक-दोन जागांनाही वरचे सगळे प्रश्न जसेच्या तसे लागू आहेत. प्रबंधासाठी मात्र लहान विभागात विषय जपून निवडावा; दुर्मिळ विकाराचा विषय घेतला तर नमुना पुरा होता होत नाही.

माझा कौल असा. स्वतःचा वॉर्ड, टिकून राहिलेले आणि रुग्णाजवळ बसणारे किमान दोन शिक्षक, नियमित ईसीटी आणि मोठ्या मनोरुग्णालयातले खरे पोस्टिंग, या चार गोष्टी असतील तर दोन जागांचा विभाग मुंबईतल्या गर्दीच्या विभागाच्या वर लिहावा. यातल्या पहिल्या दोन नसतील तर एक वर्ष थांबावे, पुन्हा परीक्षा द्यावी. अंबरनाथच्या महाविद्यालयात पुढेमागे मनोविकारशास्त्राच्या पदव्युत्तर जागा मागितल्या जातील तेव्हा तिथल्या चालकांनी आधी वॉर्ड उघडावा, शिक्षक भरावेत आणि मगच जागा मागाव्यात, ही विनंती. आणि यंदा यादी भरणाऱ्यांना एवढेच सांगणे: ज्या विभागाचे नाव लिहिणार आहात तिथल्या ओपीडीत परवानगी घेऊन एक सकाळ बसून या, आणि जेआर-टूशी बोलल्याशिवाय यादी लॉक करू नका.