उत्तरामागची वाफ

मन नदी बुलढाणा जिल्ह्यातली. खामगाव तालुक्यात शिर्ला नेमान्याजवळ तिच्यावर धरण आहे. तिथून ती अकोला जिल्ह्यात उतरते, बाळापूरच्या किल्ल्यापाशी म्हैस नदीला भेटते आणि पुढे पूर्णेत जाते. बाळापूर तालुक्यातच पारसचं औष्णिक वीज केंद्र आहे. 250 मेगावॉटचे दोन संच, आणि त्यांचं पाणी याच नदीचं. कृत्रिम बुद्धिमत्तेला किती पाणी लागतं हे ज्याला समजून घ्यायचंय, त्याने नवी मुंबईतली ऐरोली-महापेची डेटा सेंटरं पाहण्याआधी पारस पाहावं, असं मला वाटतं.

पारसला जे यंत्र उष्णता बाहेर टाकतं, तेच अनेक डेटा सेंटरांतही असतं: कूलिंग टॉवर. गरम झालेलं पाणी वरून फवारायचं, खालून हवा खेळवायची. थोड्या पाण्याची वाफ होते आणि ती उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. एक किलोवॉट-तास उष्णता अशी घालवायला साधारण दीड लिटर पाणी उडतं. उडतं ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात. लोणारच्या विवरात हेच हजारो वर्षं चाललंय. पाणी आत येतं, बाहेर वाहून जायला वाट नाही, उन्हाने तेवढं उडतं, आणि सरोवर खारं होत जातं. टॉवरमध्ये हे फार झपाट्याने घडतं. म्हणून खारावलेलं पाणी सतत काढून टाकावं लागतं आणि त्या जागी गोडं पाणी भरावं लागतं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथल्या माणसाला गोड्या पाण्याचं मोल कोणी शिकवायला नको.

आता हिशेब. गुगलने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केलं की जेमिनीला विचारलेल्या सर्वसाधारण प्रश्नामागे 0.26 मिलिलिटर पाणी जातं, म्हणजे पाचेक थेंब. त्याच प्रश्नाला 0.24 वॉट-तास वीज लागते, हेही गुगलनेच सांगितलं. पण ते थेंब डेटा सेंटरमध्ये उडणाऱ्या पाण्याचे आहेत. वीज बनवताना गेलेलं पाणी त्यांत नाही. केंद्र सरकारच्या 2015 च्या अधिसूचनेनुसार कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरता येतं. त्या मर्यादेने मोजलं तर 0.24 वॉट-तासाला 0.84 मिलिलिटर लागतं. जाहीर झालेल्या आकड्याच्या तिपटीहून जास्त! दोन्ही धरले तरी एक कोटी प्रश्नांना अकरा हजार लिटर, म्हणजे एक टँकर. ‘महाविस्तार-एआय’ या शेतीच्या अ‍ॅपवर कपाशीचा रोग विचारणाऱ्या शेतकऱ्याने मुळीच अपराधी वाटून घेऊ नये.

चिंता प्रश्नाची नाही, जागेची आणि महिन्याची आहे. 100 मेगावॉट वीज अखंड ओढणारं एक डेटा सेंटर धरा. ती सगळी कोळशाची असेल तर त्याच मर्यादेने दिवसाला 84 लाख लिटर पाणी वीज केंद्रावर लागेल. ग्रामीण भागात माणशी 55 लिटरचं प्रमाण धरलं तर हे दीड लाख लोकांचं रोजचं पाणी झालं. ग्रिडमध्ये वीज मिसळून जाते, त्यामुळे कुठल्या सर्व्हरला पारसची वीज मिळाली हे कोणी सांगू शकत नाही. नदी मात्र मिसळत नाही. ती एका ठिकाणीच आटते. 2013 च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं, ते मराठवाडा विसरलेला नाही.

म्हणून ‘आमचं डेटा सेंटर थंड करायला पाणी वापरत नाही’ हे वाक्य वाचलं की मी अस्वस्थ होते. मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये अशी रचना जाहीर केली. तेच पाणी बंद नळ्यांतून फिरवत राहायचं, वाफ होऊ द्यायचीच नाही. तंत्र चांगलं आहे, पण वाफेशिवाय थंड करायला सहसा वीज जास्त लागते. ती कोळशाची असेल तर पाण्याचा खर्च शहरातून उठून एखाद्या पारसच्या दारात जातो. सौर आणि पवन विजेला जवळजवळ पाणी लागत नाही. तिच्यावर चाललं तर गोष्ट खरोखर बदलते. प्रत्येक डेटा सेंटरने आपल्या विजेमागचं पाणीही जाहीर केलं पाहिजे, आणि वर्षाची सरासरी न देता एप्रिल-मेचा आकडा वेगळा दिला पाहिजे.

कोराडीच्या वीज केंद्राला नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी जातं, त्यामुळे तेवढं धरणाचं पाणी वाचतं. जानेवारी 2016 च्या केंद्रीय वीजदर धोरणाने तर पन्नास किलोमीटरच्या आत शहराचा सांडपाणी प्रकल्प असेल, तर औष्णिक केंद्राने तेच पाणी वापरावं असं बंधन घातलंय. नव्या डेटा सेंटरला परवानगी देतानाही हीच अट घालता येईल. पारसहून अकोला शहर पन्नास किलोमीटरच्या आत आहे.