विश्लेषण : लिनक्स फुकट, मग सपोर्टचे पैसे कशाचे?

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. सांगलीला लागून असलेल्या माधवनगरात व्यापारी पेढ्या, यंत्रमागांची कार्यालये, छोटी दुकाने यांच्यापुढे त्यामुळे एक साधा हिशेब उभा राहतो : चांगला चालणारा जुना संगणक भंगारात काढायचा, तसाच वापरत राहायचे, की त्यावर लिनक्स टाकायचे? लिनक्स फुकट आहे, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. पण मार्चअखेरच्या गडबडीत संगणक अडला, तर फोन कोणाला करायचा, हे विचारायचे राहून जाते.

जुना संगणक चालत असताना अडचण काय?

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे बरेच संगणक या अटीत बसत नाहीत. विंडोज १० त्यावर चालू राहते, पण नव्याने सापडलेली सुरक्षेची भोके बुजवली जात नाहीत. त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचे विवरणपत्र होत असेल, तर ही जोखीम छोटी नाही.

मायक्रोसॉफ्टने वाढीव अपडेट विकत देण्याची सोय ठेवली. कंपन्या-संस्थांसाठी एका संगणकाला पहिल्या वर्षी ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट : म्हणजे १२२, मग २४४. तीन वर्षांचे ४२७ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला, तर सुमारे ३८ हजार रुपये. एवढ्या पैशात साधा नवा संगणक येतो. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची योजना स्वस्त आहे, पण ती एकाच वर्षाची.

लिनक्स फुकट असेल, तर कंपन्या विकतात काय?

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये खुला केला. तो कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा, अशी मुभा आहे. त्यामुळे सॉफ्टवेअरची प्रत विकून धंदा होत नाही. विकली जाते ती जबाबदारी. 'सिग्नस' या अमेरिकी कंपनीने १९८९ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी पैसे घेऊन सेवा द्यायला सुरुवात केली. रेड हॅटने तिला १९९९ मध्ये विकत घेतले, आणि २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅटला सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजले.

या धंद्याचा एक पाय महाराष्ट्रातही आहे. रेड हॅटचे मोठे कार्यालय पुण्यात आहे. लिनक्सवर देवनागरी नीट दिसावी म्हणून वापरले जाणारे 'लोहित' फॉन्ट रेड हॅटनेच खुले केले.

'सपोर्ट' म्हणजे नेमके काय?

या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात, आणि फसगत होते ती इथेच.

पहिली, अपडेट. उबंटूची दीर्घकालीन आवृत्ती घेतली, तर पाच वर्षे सुरक्षा अपडेट मोफत मिळतात. २०२४ च्या एप्रिलमधील २४.०४ ही आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल. 'उबंटू प्रो' घेतल्यास ही मुदत दहा वर्षे होते, आणि पाच संगणकांपर्यंत वैयक्तिक व छोट्या व्यावसायिक वापरासाठी तेही मोफत आहे.

दुसरी, उत्तर. अडचण आली की कंपनीचा अभियंता फोनवर किंवा ईमेलवर मदत करतो. ही सेवा मोफत योजनेत नसते. तिचे वेगळे पैसे पडतात. मोठ्या कंपन्यांच्या करारात 'एका तासात प्रतिसाद' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ तासाभरात कोणीतरी बोलेल, एवढाच. तासाभरात काम सुरू होईल, असा नाही.

तिसरी, हात. प्रिंटर बंद पडला, हार्ड डिस्क गेली, तर कोणीतरी पेढीवर यावे लागते. ही सेवा कोणतीही परदेशी कंपनी माधवनगरात आणून देत नाही. ती मिळते सांगली-मिरजेच्या तंत्रज्ञाकडून, वार्षिक देखभाल कराराने, म्हणजे एएमसीने.

पाच संगणकांच्या पेढीला अपडेट फुकट मिळू शकतात. दुसऱ्या सेवेची गरज सहसा सर्व्हर चालवणाऱ्यांना असते. खरा खर्च आणि खरी टंचाई आहे ती तिसरीची.

स्थानिक माणूस का मिळत नाही?

जगभरात शंभर संगणकांमागे चार-पाचच लिनक्सवर चालतात. त्यामुळे दुरुस्तीवाल्याचा हात विंडोजवर बसलेला असतो. काही बिघडले की 'फॉरमॅट मारून विंडोज टाकू' हा त्याचा पहिला उपाय. ग्राहक कमी म्हणून जाणकार कमी, आणि जाणकार कमी म्हणून ग्राहक बिचकतात.

सांगलीत मात्र एक जमेची बाजू आहे. विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात 'वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप' हा विद्यार्थ्यांचा गट लिनक्सच्या कार्यशाळा घेतो. ही काही विक्रीपश्चात सेवा नव्हे. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी पेढीवर येणार नाहीत. पण लिनक्स जाणणारी मुले जवळच तयार होतात, हे दुरुस्तीच्या दुकानदारांनीही हेरण्यासारखे आहे.

एकट्याला परवडत नाही ते गटाला परवडते. केरळच्या सरकारी शाळांत अनेक वर्षे लिनक्स चालते, कारण प्रशिक्षण आणि तांत्रिक मदतीची जबाबदारी 'काइट' या सरकारी संस्थेने उचलली. एकाच पेठेतील दहा-बारा पेढ्यांनी मिळून एका तंत्रज्ञाशी करार केला, तर त्यालाही लिनक्स शिकणे परवडेल.

काम कुठे अडू शकते?

टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. हिशेब टॅलीत असेल, तर तो एक संगणक विंडोज ११ वर ठेवून पत्रव्यवहार, ईमेल, ब्राउझरची कामे लिनक्सवर नेणे सोयीचे.

डिजिटल सहीचे यूएसबी टोकन हा दुसरा अडसर. जीएसटीसाठी कंपनी आणि एलएलपी यांना ही सही लागते. एकल मालकीच्या पेढीचे काम ओटीपीवर होते. टोकन असेल, तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, ते आधी विचारावे.

प्रिंटरचेही तसेच. एचपीच्या अनेक प्रिंटरना लिनक्स लगेच ओळखते, तर कॅननच्या काही जुन्या लेझर प्रिंटरना खटपट करावी लागते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधील मराठी पत्रे युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. नवे मराठी टंकलेखन मात्र इनस्क्रिप्ट कळफलकावर सहज होते.

निर्णयाआधी काय करावे?

लिनक्स पेन ड्राइव्हवरून, संगणकात काहीही न बदलता चालवून पाहता येते. आठवडाभर एका संगणकावर प्रिंटर, स्कॅनर, वाय-फाय, टोकन आणि मराठी टंकलेखन तपासावे. बदल करण्याआधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.

एएमसी करताना चार गोष्टी लेखी घ्याव्यात : तंत्रज्ञ किती तासांत येईल, लिनक्सचे काम करारात आहे का, बॅकअप कोण घेणार आणि किती दिवसांनी, आणि संगणकाचा पासवर्ड मालकाकडेही राहील का. शेवटची अट विसरू नये. दुरुस्तीवाला बदलायची वेळ आली, की संगणकाची किल्ली स्वतःकडे असलेलाच मालक नव्या माणसाला बोलावू शकतो.