सोन्याला धरून ठेवणारा चीक

१६३९ साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, शोगुन तोकुगावा इएमित्सुची लेक चियोहिमे लग्न होऊन सासरी गेली. वय अवघं अडीच वर्षं. लग्न अर्थातच राजकारणाचं होतं. पण तिच्या रुखवतातल्या सोनेरी नक्षीच्या काळ्या पेट्या आज नागोयाच्या तोकुगावा कलासंग्रहालयात आहेत आणि जपानने त्यांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे. आरशाच्या, प्रसाधनाच्या, लेखनसाहित्याच्या पेट्या, फडताळं अशा सुमारे सत्तर वस्तू त्यात आहेत. सूर्य मावळेपर्यंत पाहत बसलं तरी मन भरू नये, अशी त्यांची ख्याती.

त्यांवरचं चित्र आहे ‘गेंजी मोनोगातारी’ या हजार वर्षांपूर्वीच्या कादंबरीतल्या ‘हात्सुने’ प्रकरणाचं. आकाशी नावाच्या स्त्रीची मुलगी दुसरीकडे वाढते आहे. नव्या वर्षाच्या दिवशी आई तिला कविता पाठवते: वर्षातला पक्ष्याचा पहिला सूर तरी कानी पडू दे. त्या कवितेची अक्षरं पेट्यांवरच्या चित्रात जागोजाग लपवली आहेत. पाइन आणि प्लमची झाडं, वाड्याची ओसरी आणि त्यांत मध्येच एखादं अक्षर. घरापासून दूर जाणाऱ्या तान्ह्या मुलीसाठी नेमका हाच प्रसंग निवडला गेला, हे मला त्या सगळ्या सोन्याहून मोलाचं वाटतं.

काम केलं कोआमी नागाशिगेने. शोगुनांसाठी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारं हे घराणं. मुलगी जन्मली त्याच वर्षी, १६३७मध्ये, त्याला काम सांगितलं गेलं आणि लग्नापर्यंतचा सगळा काळ त्यात गेला. कारण या पेट्यांत वेळ खातो तो चीक, सोनं नव्हे.

हा चीक उरुशी नावाच्या झाडाचा. आपली लाख किड्यांपासून मिळते. तिचा याच्याशी संबंध नाही. उरुशीचं नातं आहे आंबा, काजू आणि बिब्ब्याशी. ही सगळी एकाच कुळातली झाडं. बिब्बा उतला की काय होतं हे ज्यांनी सोसलंय त्यांना कळेल, कारण ओल्या उरुशीनेही अंगावर तसेच फोड येतात. एकदा घट्ट झाला की मात्र तो निरुपद्रवी. आणि तो उन्हात वाळत नाही! त्याला ओलावा लागतो. सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रतेच्या बंद कपाटात ठेवल्यावर चिकातलं एक विकर हवेतला प्राणवायू वापरून त्याचे रेणू एकमेकांत गुंफतं. एक पातळ थर, मग कपाट, मग कोळशाने घासणं, मग पुढचा थर. पातळ लाकडावर आधी कापड डकवायचं, त्यावर मातीमिश्रित चिकाचा लेप द्यायचा आणि मग कुठे काळी चकाकी चढवायला सुरुवात.

सोनं येतं ते त्यानंतर. कारागीर बारीक कुंचल्याने चिकाचंच चित्र काढतो आणि ते ओलं असतानाच, टोकाला रेशमी जाळी लावलेल्या नळीतून बोटाने टिचक्या मारत सोन्याची पूड त्यावर भुरभुरतो. उठाव हवा असेल तिथे आधी चीक आणि कोळशाची पूड यांचे थर चढवून डोंगर, खोडं उंच करतो. पूड धरून ठेवण्यासाठी वरून पुन्हा चीक आणि शेवटी बोटाच्या टोकाने चकाकी. या पद्धतीला माकि-ए म्हणतात.

हे थर किती टिकतात, याची परीक्षा १८७४ साली समुद्रानेच घेतली. व्हिएन्नाच्या प्रदर्शनातल्या वस्तू परत आणणारं ‘निल’ हे फ्रेंच जहाज जपानमधल्या इझूच्या किनाऱ्याजवळ बुडालं. वर्षाहून अधिक काळ खाऱ्या पाण्यात राहिलेली उरुशीकामाची काही भांडी वर काढली, तेव्हा ती जवळजवळ जशीच्या तशी निघाली.

आज जपानमध्ये वापरला जाणारा बहुतेक चीक चीनमधून येतो. राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी मात्र २०१८पासून देशी चीकच वापरायचं धोरण आहे. त्यातला मोठा वाटा इवाते प्रांतातल्या जोबोजी परिसराचा. तिथे दहा-पंधरा वर्षांच्या झाडाला जून ते ऑक्टोबर खाचा पाडत राहतात. एका झाडातून मिळतो जेमतेम दोनशे ग्रॅम चीक. मग ते झाड तोडतात आणि बुंध्यातून नवे धुमारे फुटू देतात. धोरण आल्यापासून मागणी वाढली आहे आणि तिथे नवी रोपं लावणं चालू आहे. त्यांचा चीक काढता येईपर्यंत आणखी दहा-पंधरा वर्षं जाणार.