प्रोस्टेट कर्करोगावरील किरणोपचार : ३७ सत्रांवरून ५ सत्रांकडे

पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. उतारवयात तिला होणारा कर्करोग बहुधा संथ गतीने वाढतो आणि तो शरीरात इतरत्र पसरलेला नसल्यास अनेक रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेविना, किरणोपचाराने आटोक्यात आणता येतो. परंतु डॉक्टरांनी किरणोपचार सुचविताच वऱ्हाडातील कुटुंबांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो दिवसांचा. ऐन पेरणीत किंवा कापसाच्या वेचणीत रुग्णासोबत नागपूर-मुंबईला जाऊन राहावयाचे कोणी? या उपचारात अलीकडे झालेला सर्वांत मोठा बदल नेमका याच प्रश्नाशी निगडित आहे.

पूर्वी या रोगासाठी दररोज एक याप्रमाणे ३७ ते ३९ सत्रे, म्हणजे सुमारे साडेसात ते आठ आठवडे किरणे देण्याची पद्धत होती. रोजची मात्रा वाढविल्यास शेजारील मूत्राशयास व गुदाशयास इजा होईल, ही भीती त्यामागे होती. पुढे दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. या कर्करोगाच्या पेशी थोड्या परंतु मोठ्या मात्रांना चांगला प्रतिसाद देतात. आणि प्रत्येक सत्रापूर्वी ग्रंथीची प्रतिमा घेऊन नेम साधल्यास शेजारील अवयव बऱ्याच अंशी वाचविता येतात.

ब्रिटनमधील तज्ज्ञांच्या पुढाकाराने ३,२१६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. चार आठवड्यांतील २० सत्रे ३७ सत्रांइतकीच परिणामकारक असल्याचे त्यात आढळले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कमी व मध्यम जोखमीच्या ८७४ रुग्णांपैकी निम्म्यांना अवघी ५ सत्रे देण्यात आली. पाच वर्षांनंतर रोगनियंत्रण दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के होते. मात्र ५ सत्रांच्या गटात लघवीचा त्रास काहीसा अधिक दिसला.

अधिक जोखमीच्या रुग्णांसंबंधी महत्त्वाचा अभ्यास आपल्याच राज्यात झाला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २२४ रुग्णांवर केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथीसोबत ओटीपोटातील लसिकाग्रंथींनाही किरणे दिल्यास पाच वर्षांपर्यंत रोग न उलटण्याचे प्रमाण ८१ टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेले. दोन्ही गटांचा उपचार २५ सत्रांत, म्हणजे पाच आठवड्यांत पूर्ण झाला.

तथापि कमी सत्रे प्रत्येकासच योग्य नव्हेत. पीएसए रक्तचाचणी, बायोप्सी व स्कॅन पाहून तज्ज्ञ निर्णय घेतात. काहींना हार्मोन उपचाराचीही जोड द्यावी लागते. कमी जोखमीच्या काही रुग्णांना तर नियमित तपासणीच पुरेशी ठरते. नातेवाइकांनी आपल्या रुग्णास किती सत्रे लागतील व का, हे डॉक्टरांस निःसंकोच विचारावे आणि ठरलेली सत्रे मध्येच सोडू नयेत.

सत्रे कमी झाली तरी परगावी राहण्याचा खर्च उरतोच. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या संत गाडगेबाबांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा कर्करुग्णांना व त्यांच्या सोबत्यांना आसरा देते. यंत्राइतकीच सोबत्याच्या निवाऱ्याची व दोन वेळच्या जेवणाची सोय उपचार पूर्णत्वास नेते, हे त्यातून दिसते. दानशूरांनी दिलेला प्रत्येक रुपया अशा सोयीकडे वळला, तर वेचणीच्या दिवसांतही कोणाचा उपचार अर्धवट राहणार नाही.