संसार दोघांनी पेलायचा

हातातलं काम चालू ठेवा. भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल.

मागच्या महिन्यात आम्ही एका गटाच्या बैठकीला गेलो होतो. बचत गोळा झाली, अंतर्गत कर्जाचे हप्ते लिहून झाले आणि चहा आला. त्या गटात चार-पाच ख्रिस्ती ताई आहेत. त्यातल्या एकीच्या मुलीचं लग्न ठरलंय. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब म्हणतात, लग्न देवानं जोडलेलं असतं. मग ते टिकवायला माणसानं काय करायचं, तेही कुणीतरी सांगा की." त्यांच्या या प्रश्नावरच आज बोलू या.

ख्रिस्ती लग्नात वर आणि वधू दोघंही मंडळीसमोर उभे राहून वचन देतात. सुखात आणि दुःखात, गरिबीत आणि श्रीमंतीत, आजारपणात आणि चांगल्या तब्येतीत साथ देऊ, असं ते वचन असतं. दोघंही सारखंच वचन देतात, हे ध्यानात ठेवा. घरी आल्यावर मात्र पुष्कळदा ते सांभाळायचं काम एकट्या बाईकडे येतं. "तू जरा सोस, तू जरा गप्प बस," असं तिलाच सांगितलं जातं.

पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय अशा वेळी हमखास काढतात. बायकोनं नवऱ्याच्या अधीन राहावं, एवढंच त्यातून वाचून दाखवतात. पण त्याच्या आधीच्याच ओळीत दोघांनी एकमेकांच्या अधीन व्हायला सांगितलंय. पुढं नवऱ्याला सांगितलंय, की बायकोवर स्वतःच्या शरीरासारखी प्रीती कर. हेही वाचायला पाहिजे.

आता एका जोडप्याची गोष्ट सांगतो. ही माणसं आपल्या साताऱ्यात राहून गेलेली आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. शाळेच्या पुस्तकात टिळकांची कविता तुम्ही वाचली असेल. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र तर मराठीतल्या मोठ्या पुस्तकांपैकी एक आहे.

लग्न झालं तेव्हा लक्ष्मीबाई साधारण अकरा वर्षांच्या होत्या. शाळेत कधी गेल्या नव्हत्या. टिळक हुशार, कवी मनाचे, पण रागीट आणि लहरी. हातात पैसा टिकायचा नाही. कुणी गरजू दिसला की देऊन मोकळे. घरात मीठ-पीठ आहे का, याची काळजी बायकोनं करायची. असा नवरा आपल्यातल्या कितीतरी जणींना ओळखीचा वाटेल!

पुढं टिळकांचं मन ख्रिस्ती धर्माकडे वळलं. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना हे नंतर कळलं. त्यांच्यावर आकाश कोसळलं. पदरात लहान मुलगा, माहेर-सासर दोन्हीकडे सोवळं-ओवळं कडक. नवऱ्यानं एवढा मोठा निर्णय एकट्यानं घेतला आणि त्याची झळ मात्र सगळ्या घराला लागली. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी नातेवाइकांच्या आधारानं दिवस काढले.

नंतर मुलाला घेऊन त्या नगरकडे नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण आपला धर्म सांभाळूनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी तिथं मोठं शहाणपण दाखवलं. "मी ख्रिस्ती झालो, आता तूही हो," अशी जबरदस्ती त्यांनी केली नाही. एका घरात दोन चुली चालू दिल्या. पुढं एका प्रवासात लक्ष्मीबाईंच्याच मनात प्रश्न उभा राहिला, की माणसामाणसांतला हा भेद देवानं केला की माणसानं? उत्तर त्यांचं त्यांनी शोधलं, आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला.

या गोष्टीतून आम्हाला चार गुण दिसतात.

पहिला गुण, जोडीदाराला विश्वासात घेणं. न सांगता घेतलेल्या निर्णयानं टिळकांच्या घरात किती वर्षांचं अंतर पडलं, ते आपण पाहिलं. आपल्या घरात धर्म बदलण्याची वेळ येत नसेल, पण लपवालपवी पैशाची असते. आमच्या एका गटातल्या ताई हप्ते चुकवायला लागल्या. विचारलं तर रडायला लागल्या. नवऱ्यानं गाडीच्या दुरुस्तीसाठी सावकाराकडून वीस हजार काढले होते आणि घरी सांगितलंच नव्हतं. "तिला उगीच काळजी नको," असं त्या दादांचं म्हणणं. व्याज चढलं आणि काळजी दुप्पट झाली. शेवटी दोघंही एकत्र बैठकीला आले, सगळं मोकळेपणानं सांगितलं, गटानं हप्ते लहान करून दिले. त्या ताई नंतर म्हणाल्या, "कर्जाचं काही वाटलं नाही, लपवलं त्याचं जास्त लागलं."

दुसरा गुण, वाट पाहणं. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल प्रीतीची लक्षणं सांगतो. त्यात धीर सगळ्यात आधी येतो. समोरच्याचं मन आपल्या वेगानं बदलत नाही. नवी सून घरातल्या पद्धती शिकेपर्यंत, नवरा दारू सोडायचा प्रयत्न करत असेपर्यंत, बायको धीटपणे बोलायला लागेपर्यंत थांबावं लागतं. पण नवरा-बायको दोघांनी थांबायचं आणि दोघांनी प्रयत्न करायचा. एकटीच वाट पाहत बसली, तर त्याला धीर म्हणत नाहीत.

तिसरा गुण, जोडीदाराला वाढू देणं. टिळकांनी बायकोला घरीच लिहा-वाचायला शिकवलं. लक्ष्मीबाई कविता करू लागल्या. आणि त्यांनीही नवऱ्याच्या कामाला घर दिलं. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे राहिले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखं जपलं. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे काव्य लिहायला घेतलं होतं. ते अपुरं राहिलं. त्यांच्या मागं साठाहून जास्त अध्याय लिहिले ते शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी! गटाच्या बैठकीला जाणाऱ्या बायकोला "आज पोरांना मी बघतो" असं म्हणणारा नवरा हेच करत असतो.

चौथा गुण, माफ करणं, पण विसरून न जाता. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात येऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. पगार थांबला म्हणजे संसाराचं काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. लक्ष्मीबाई या वेळीही बरोबर राहिल्या. ९ मे १९१९ ला टिळक वारले. नंतर 'स्मृतिचित्रे' लिहिताना त्यांनी नवऱ्याचा राग, लहर, उधळेपणा काही झाकलं नाही. हसत हसत सगळं लिहिलं, आणि माया कुठं कमी पडू दिली नाही. चुकीला चूक म्हणायचं आणि तरी माणूस तोडायचा नाही, हे त्यांना जमलं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण या बोलण्याचा कुणी उलटा अर्थ काढू नये. मार खाणं हा गुण नाही. मारहाण, उपाशी ठेवणं, कमाई हिसकावून घेणं, याला क्षमा आणि धीर ही नावं द्यायची नाहीत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो. चर्चमधल्या लग्नाची नोंद १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे होते. त्या दाखल्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. पूर्वी घटस्फोटासाठी ख्रिस्ती नवऱ्यापेक्षा ख्रिस्ती बायकोला जास्त गोष्टी सिद्ध कराव्या लागायच्या. २००१ च्या दुरुस्तीनंतर दोघांना सारखा नियम झाला, आणि दोघांच्या संमतीनं वेगळं होण्याची सोयही झाली. कायद्याची पायरी चढायची वेळ कुणावर न येवो. पण पायरी कुठं आहे, हे माहीत पाहिजे.

आपल्या माण-खटावातले, जत-आटपाडीतले कितीतरी पुरुष मुंबईला माथाडीत, नाहीतर परराज्यात गलाईच्या धंद्यात असतात. वर्षातले फार थोडे दिवस ते घरी असतात. अशा घरात तर हे गुण फोनवरच जपावे लागतात. म्हणून या आठवड्यात एक काम करा. एक दिवस ठरवा आणि नवऱ्याशी अर्धा तास बोला. किती आले, किती गेले, कुणाचं देणं आहे, मनात काय सलतंय, एवढंच. आधी तुम्ही सांगा, मग त्यांना विचारा. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होईल. पासबुक समोर ठेवलं की बोलणं सुरू होतं, हा आमचा अनुभव आहे.

आणि ज्या ताईंच्या मुलीचं लग्न आहे, त्यांना एवढंच सांगतो, की लेकीला हे जरूर सांगा. पण जावईबापूंनाही शेजारी बसवून सांगा.

पुढच्या बैठकीत भेटू.