गढूळ पाणी आणि तिसऱ्या

पावसाळ्यात मांडवीच्या किंवा जुवारीच्या काठी उभे राहिले म्हणजे पाणी तांबडेलाल दिसते. डोंगरउतारावरची माती आणि कुजलेला पालापाचोळा यांचे बारीक कण तरंगत तरंगत खाडीत उतरतात. आपणांस त्याचे फारसे काही वाटत नाही. परंतु वाळूत रुतलेल्या तिसऱ्यांना आणि खडकाला चिकटलेल्या कालवांना ते पाणी म्हणजेच अन्न व श्वास होय.

हे जीव भक्ष्यामागे धावत नाहीत. कल्ल्यांवरील अतिसूक्ष्म केस हालवून ते पाणी आत ओढतात, कण चिकट द्रवात पकडतात आणि पाणी बाहेर सोडतात. पूर्ण वाढलेले कालव तासाभरात कित्येक लिटर पाणी असे गाळते. गृहिणी तांदूळ निवडते त्याप्रमाणे तोंडाजवळच्या पाळ्या खाण्याजोगे शेवाळकण ठेवून घेतात व माती चिकट गोळ्या करून बाहेर टाकतात.

थोडक्या गाळाने बहुधा बिघडत नाही. तळ ढवळला म्हणजे त्यासोबत अन्नही वर येते. तथापि गाळ फार झाला की निवडण्यातच शक्ती खर्ची पडते. मग प्राणी शिंपला मिटून घेतो, आणि उपवास सुरू होतो. खरा घाला पडतो तो पिल्लांवर. कालवाचे पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगून कठीण, स्वच्छ जागा शोधते व तेथे जन्मभरासाठी चिकटते. त्या जागेवर चिखलाचा थर बसला असेल, तर त्याला ठाव मिळत नाही.

गोव्यात हा दोष एकट्या पावसाचा नव्हे. लोहखनिजाच्या उघड्या खाणींतून वर्षानुवर्षे गाळ नद्यांत आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली खाणकाम थांबविले, २०१४ साली मर्यादा घालून परवानगी दिली, आणि २०१८ साली भाडेपट्टे रद्द केले. मातीचे ढीग मात्र हुकुमाने हलत नाहीत!

आपल्या जुन्या घरांच्या व चर्चच्या खिडक्यांना काचेऐवजी जी पातळ, चपटी शिंप बसवीत, तिचा प्राणी चिखलीच्या उपसागरात मऊ चिखलावरच पहुडतो. तेव्हा चिखल हाच सर्वांचा वैरी, असे मात्र समजू नये.

आणखी एक गोष्ट घरच्या बायांनी ध्यानात ठेवावी. सांडपाण्यातील रोगजंतू याच कणांना चिकटून शिंपल्यात शिरतात. तिसऱ्या रात्रभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवल्याने वाळू निघते, जंतू सगळे निघत नाहीत. म्हणून त्या चांगल्या उकळाव्यात, आणि उकळूनही ज्यांचे तोंड उघडत नाही त्या टाकून द्याव्यात.